मोझा

खसबहून बोटीनं तासभर. तीन बाजूंना डोंगर,
चौथ्या बाजूला पाणी, मधल्या मुठीत कुमझार.
शेळ्या इथं वाळलेल्या तारल्या खातात.
रत्नागिरीच्या वेड्यांच्या इस्पितळात
मी अकरा वर्षं काढली, म्हणून मला इथं पाठवलं,
आणि माझी साहेबीण याच गावची, कोळ्याची पोर,
मोझा बिंत खलफान.
नाव ऐकून पहिल्या दिवशी हसू दाबलं मी.
आमच्यात मोजा म्हणजे पायातला,
नाहीतर हुकूम : चला, मोजा.
सांगितलं नाही तिला. चार महिने नाही.

मस्कतहून प्रश्नावली आली होती.
एकवीस प्रश्न, शून्य ते तीन गुण.
गेल्या दोन आठवड्यांत तुम्हाला उदास वाटलं का?
मोझानं वाचलं, घडी घातली
आणि खिडकीच्या फटीत खोचली. तिथून धूळ यायची.
"शब्द आहे आमच्याकडे," म्हणाली,
"पण माणूस दर्यावर असताना
आई तो घरात उच्चारू द्यायची नाही.
आणि या गावात कुणाचं ना कुणाचं माणूस
दर्यावरच असतं."

मग विचारायचं कसं?
ती विचारत नाही. खाली बसते.
खुर्च्या तिनं शाळेला देऊन टाकल्या,
नव्या खुर्च्यांच्या पैशांत डिझेल घेतलं,
औषधांच्या वहीत, गोळ्यांच्या खाली, लिहिलं : डिझेल.
वरून तीन पत्रं आली. तिन्हींना उत्तर एकच :
रोगी दवाखान्यात येत नाही
आणि दवाखान्याला पोहता येत नाही.

मुहन्ना. भाऊ जाळ्यासकट गेला
तेव्हापासून भिंतीकडे तोंड करून.
मी गोळी काढली. "देऊ," मोझा म्हणाली, "आज नको."
आणि शम्माला बोलावणं धाडलं,
जी चाळीस वर्षं ढोल वाजवून
माणसांत शिरलेल्या वाऱ्यांशी बोलत आली.
मला अंगात येणं नवं नाही.
आजोळी मावशीच्या यायचं, पौर्णिमेला,
आम्ही पोरं तिला हळदीचा हात लावून पळायचो.
पुढे नोकरीत तेच मी
'लक्षणं' या रकान्यात भरत गेलो.

शम्मानं ढोल वाजवला नाही. पालथा घातला,
त्यावर पसरलं भावाचं मागं राहिलेलं फाटकं जाळं.
पलीकडे बायका मासे खारवत होत्या,
मोझा त्यांच्यात, कोपरापर्यंत मीठ.
शम्मा एक गाठ मारी, आणि चुकवी.
दुसऱ्या दिवशी पुन्हा बसली, पुन्हा चुकवली.
तिच्या नातीला हसू आलं तर तिला चिमटा काढला.
मी घड्याळ बघत होतो, हे कबूल करतो.
सहाव्या दिवशी भिंतीकडून :
"तशी नाही."
एवढंच.
बऱ्याच वेळानं हात पुढे आला.
त्या रात्री गोळीही घेतली त्यानं, खजुराबरोबर,
आणि मोझानं वहीत तारीख घातली.

थंडीत साहेब आले, जाकीट घालून, ओले होऊन.
किती बरे झाले? एकूण आकडा?
तेव्हा मला राहवलं नाही,
धक्क्यावरच सांगून टाकलं तिला, तिचं नाव आमच्यात काय होतं ते.
इतकी हसली की दोरखंड हातातून सुटला,
बोट साहेबांसकट हातभर आत गेली.
मग अहवालात 'एकूण' समोर
तिनं फक्त सही केली.
ते अजून विचारतायत, हा आकडा कुठल्या लिपीतला.

रात्री लाटा गावाच्या पायरीशी येतात.
चार नंबर वॉर्डात हर्णैचा एक तांडेल होता.
चादरीचे दोरे उसवून
दिवसभर गाठी मारत बसायचा. कुणाशी बोलायचा नाही.
आम्ही दोरे काढून घेतले.
नियम होता. मीच काढले.
कुठली गाठ होती ती, कधी बघितलंही नाही.