आवक-जावक

बेलापूरच्या कचेरीत एकतीस वर्षं
आवक-जावक माझ्याकडे होतं.
साडेबारा टक्क्यांच्या भूखंडासाठी
लोक मेलेल्या चुलत्याची सही घेऊन यायचे,
शाई अजून ओली.
मी कागद उजेडाला धरायची
आणि न बोलता परत द्यायची.

आता नेरुळला, तिसऱ्या मजल्यावर,
मेल येतात. त्यांनाही क्रमांक देते.
दोनशे पानी वही, समास आखलेला,
शेऱ्याचा रकाना जरा रुंदच ठेवलाय.

आवक ४१.
'प्रीय ग्राहक, आपली खाते आज बंद होणार आहे.'
शेरा: प्रिय म्हणायचं तर ऱ्हस्व म्हण, मेल्या.
आणि माझी बँक मला प्रिय कधीपासून म्हणू लागली?
काउंटरवरचा मुलगा मानसुद्धा वर करत नाही.

आवक ४७.
न्हावा-शेव्याला माझ्या नावाचा कंटेनर अडकलाय.
आत सोळा किलो सोनं,
सोडवायचे फक्त चार हजार नऊशे नव्व्याण्णव.
शेरा: न्हावा-शेवा माझं माहेर.
बापाची मिठागराची जमीन त्या बंदरात गेली.
तिकडून आमच्या घरी
अजून काही आलेलं नाही.

आवक ५२.
'आज रात्री साडेनऊ वाजता आपली वीज कापण्यात येईल.'
आणि नऊ पंचविसाला खरंच गेली की,
अख्ख्या सेक्टरची!
मेणबत्ती लावून शेरा लिहिला:
चोरांनो, उशीर केलात,
महावितरण तुमच्या आधी पोचलं.

संध्याकाळी टाकीजवळच्या बाकावर
वहीचं जाहीर वाचन असतं.
पिल्लेबाईंना मराठी अर्धंच कळतं,
पण त्या माझं तोंड बघून हसतात.
बावन्नला तर हशा असा पिकला
की वॉचमन शिट्टी हातात धरून धावत आला.
मढवी तेवढे
चपलेचा अंगठा तपासत बसले होते.

दहाच्या सुमाराला बेल वाजली.
'बाई, ती बावन्न नंबरची
मलाही आली होती.'
उंबऱ्यातच उभे.
'दिवे गेले ना. मग खरंच वाटलं.
अंधारात चष्मा सापडेना.
दहा रुपये भरा म्हणाला.
त्र्याऐंशी हजार गेले.
पोरीला सांगितलं नाही अजून.'

टेबलावर वही उघडीच होती.
माझंच अक्षर, माझाच विनोद,
खाली दोन रेघा मारलेल्या.
मी ती आधी मिटली,
मग त्यांना आत या म्हटलं.

सकाळी सायबर पोलिसांकडे गेलो.
हवालदारानं अर्ज सरकवला:
'तक्रारदाराचे संपुर्ण नांव'.
'फसवणुकिचा प्रकार'.
सवयीनं मी कागद उजेडाला धरला.
मढवी माझ्या कानाशी आले,
अगदी हळू म्हणाले,
'बाई, हे तरी खरं आहे ना?'

मला आधी ठसका लागला.
मग ते. पोट धरून, भिंतीला टेकून,
डोळ्यांना पाणी येईस्तोवर,
त्यातलं किती हसण्याचं होतं
ते मी विचारलं नाही.
हवालदार म्हणाला, काय झालं?
सांगितलं.
त्यानं अर्ज परत घेऊन नीट वाचला
आणि पेनानं पु दीर्घ केला.

घरी येऊन वहीची दुसरी बाजू उघडली,
इतके दिवस कोरी होती.
जावक १. दिगंबर पांडुरंग मढवी यांची तक्रार,
पाने चार, पोच घेतली.
शेरा काही सुचला नाही.

पैसे आलेले नाहीत.
पण परवा दुपारी,
झोपायच्या वेळेला, खालून हाक:
'गावंडबाई, वही काढा! त्रेपन्न!
बुडालेले पैसे परत मिळवून देतात म्हणे,
फी फक्त दोन हजार!'
मी खिडकीत येईपर्यंत
मोबाईल डोक्याच्या वर, सूर्याकडे धरून
ते ओरडत होते,
'बूडालेले लिहिलंय, बाई!
बू दीर्घ!'