धारक

पोस्टमनने लिफाफा माझ्या हातात दिला नाही.
“ज्यांचा आहे त्यांनाच,” म्हणाला,
तेव्हा आई पिठाच्या हातांनी
डिलाईल रोडच्या आमच्या गॅलरीत आली,
कोपराने पदर सावरत,
जणू तिला कुणी स्टेजवर बोलावलं होतं.

निळं पुस्तक. बहुतेक पानं कोरी.
फोटोत कान उघडे, हसू बंद,
कुंकू मात्र राहू दिलं होतं त्यांनी.
कांबळी, द्वारका सखाराम. जन्मस्थान देवबाग.
“स्पेलिंग बरोबर आहे ना गं?”
वाचता न येणाऱ्या अक्षरांवरून
तिने करंगळी फिरवली,
तेवढंच बोट कोरडं होतं.

मी पान वाचून दाखवलं.
राष्ट्रपतींच्या नावाने
ज्यांचा ज्यांचा संबंध येईल त्या सगळ्यांना
विनंती आणि अपेक्षा, की
धारकाला विनाअडथळा जाऊ द्यावं,
लागेल ती मदत आणि संरक्षण द्यावं.

“धारक म्हणजे?”
“तू.”
ती परत पोळ्या लाटायला बसली.
तीन पोळ्या झाल्यावर म्हणाली,
“हे इथे पण चालतं का?”

इथे म्हणजे वरळीला,
जिथे बाविसाव्या मजल्यावर ती स्वयंपाक करते,
जिथे लिफ्ट तीन आहेत
आणि तिची चौथी,
कचऱ्याच्या ड्रमांबरोबरची.
“नाही,” मी म्हटलं. “हे बाहेरचं.”

मॅडमच्या मुलीचं बाळंतपण लंडनला.
आई अळीव, डिंक, बाळंतशेपा घेऊन गेली,
अठ्ठ्याहत्तर दिवस राहिली.
तिथल्या खिडकीतल्या माणसाने विचारलं,
किती दिवस राहणार, मॅडम?
आईने मागे वळून पाहिलं,
कुठली मॅडम ते.
फोनवर हे सांगताना इतकी हसली
की पलीकडे बाळ रडायला लागलं.
“आणि लिफ्ट?” मी विचारलं.
“या घराला लिफ्टच नाही गं. सगळे जिन्याने.”

परत आल्यावर सहार विमानतळावर शिक्का पडला, धप्प.
मग बॅगांच्या पट्ट्यापाशी
मॅडमनी हात पुढे केला.
“पासपोर्ट माझ्याकडे राहू दे, द्वारका.
तुमच्याकडे उंदीर असतात.”

असतात. खोटं नव्हतं ते.

पावसाळा गेला, गणपती गेले.
एका रात्री तांदूळ निवडताना म्हणाली,
“त्या शेवटच्या बाजूला काय लिहिलं होतं?”
माझ्या मोबाईलमध्ये फोटो होता.
पासपोर्ट भारत सरकारच्या मालकीचा.
तो धारकाजवळ असावा,
किंवा धारकाने अधिकार दिलेल्या व्यक्तीजवळ.
“मी दिला होता अधिकार?”
“त्यांनी हात पुढे केला, तू दिलास.”
“पासपोर्ट दिला.
अधिकार दिला का, ते विचारतेय.”
एक खडा बाजूला टाकला.
“उंदरांचं काही लिहिलंय?”
“नाही.”

दुसऱ्या दिवशी आली ती साडेसातला,
ब्लाउजमध्ये घामाने दमट झालेलं निळं पुस्तक.
“काय म्हणाल्या?”
“सापडत नाही म्हणाल्या.
मी म्हटलं, सापडेपर्यंत बसते.”
“कुठे बसलीस?”
“सोफ्यावर. दुसरं काय होतं तिथे?”
मग, जरा वेळाने,
“चहा मीच केला. दोघींचा.”

खाली कुठल्या लिफ्टने आलीस,
ते मी विचारलं नाही.

आता तो तांदळाच्या डब्यात असतो,
दुधाच्या पिशवीत गुंडाळलेला, कडुनिंबाच्या पाल्याखाली.
व्हिसा संपून गेला मार्चमध्येच.
नोकरी तीच आहे, मजलाही तोच.
सकाळी माप काढताना
वाटी कशाला तरी लागते, टक्क.
मी डोळे चोळत विचारते, काय गं?
ती पिशवी चाचपते,
वर पाला सारखा करते,
म्हणते, “काही नाही. आहे.”