उणे अडतीस

ओउलूत नोव्हेंबर तीनलाच दुकान बंद करतो.
तळघरातल्या प्रयोगशाळेत दोन स्विच, दोन कंपन्यांचे,
मधे सोळा मीटर केबल, उरलेली वेटोळे करून
एका खुर्चीवर, पाहुणीसारखी.

पॅकेट या टोकाने निघते, त्या टोकाला पोचते,
आणि दोन्हीकडचे स्विच त्याच्या पाठीवर लिहितात
किती वाजले, रांग केवढी होती, किती ताटकळलास.
स्विच आता सांगाल ते करतात.
म्हणूनच काय सांगायचे ते एकदाचे ठरवायला
सतरा देशांची माणसे इथे मोजे सुकवत बसलीत,
आणि इतिवृत्त लिहायला मी.

लिहून लिहून पॅकेट फुगते, तो वाद मंगळवारी झाला.
'विचारपूस करणाऱ्यांनीच वाट अडवू नये'
एवढे टिपले आहे. कोण म्हणाले ते राहिले.

आज बुधवार. पडद्यावर आकडा: उणे अडतीस.
म्हणजे निघायच्या अडतीस नॅनोसेकंद आधी
पॅकेट पोचले होते.

वेल्ली म्हणाला, दाहीच्या स्विचचे घड्याळ पुढे आहे.
दाही म्हणाली, दोघांची घड्याळे एकाच अँटेनावर लावलीत,
चुकेल तर दोघांचे चुकेल.
कोणीतरी छतावर जाऊन अँटेनावरचे बर्फ झाडून आले,
पापण्यांवर थोडे घेऊन.
उणे अडतीस.

राउनी केम्पायनेन तोवर बोलली नव्हती.
तीस वर्षे दुसऱ्यांचे मसुदे वाचून तिची मान
किंचित डावीकडे झुकलेली असते.
तिने एवढेच विचारले, तुम्ही वेळ नोंदवता कधी?
वेल्ली: शेवटचा बिट बाहेर पडला की.
दाही: पहिला बिट आत आला की.

पॅकेटची लांबी एकशे वीस नॅनोसेकंद.
वाट ब्याऐंशीची.
हत्ती गेला, शेपूट राहिले, असे आमच्याकडे म्हणतात.
इथे शेपूट राहिले होते
म्हणून हत्ती गेल्याची नोंदच नव्हती,
आणि तिकडे सोंड दारातून आत.

मग तीन तास एका शब्दावर: निघणे.
राउनीने कुसामोच्या मेहुण्याची गोष्ट सांगितली.
तो मांड्यांवर हात आपटून 'नो नीन' म्हणतो,
चला, निघतो.
मग अर्धा कप कॉफी. मग दारात बूट घालता घालता
माशांविषयी. मग गाडी तापेपर्यंत काच खाली करून
पुन्हा माशांविषयी.
बहीण ओसरीचा दिवा घालवते
ते मागचे लाल दिवे बर्चांआड गेल्यावरच.
तेव्हा निघाला, राउनी म्हणाली. त्याआधी नाही.

मला सांगायचे होते, आमच्या भाषेत तर
निघणारा माणूस 'येते' म्हणतो.
पण इतिवृत्त लिहिणाऱ्याने मधे बोलायचे नसते.

इथे हात वर करून मते मोजत नाहीत.
ओठ मिटून हुंकार द्यायचा,
म्हणजे कोणी कोणाकडे बघत नाही.
राउनीची गोष्ट सगळ्यांना आवडली.
हुंकार पहिल्या बिटाला पडला.
सर्किटला तेच सोपे, दोन्ही टोकांना.
शेवटच्या बिटाचा हुंकार मागच्या रांगेतून आला,
फ्रिजच्या आवाजाएवढा,
आणि त्यात राउनीचा होता की नाही, माहीत नाही.
ती खिडकीकडे बघत होती, जिथे फक्त आम्हीच दिसत होतो.

'नोंदवावी' की 'नोंदवलीच पाहिजे' यावर आणखी चाळीस मिनिटे.
'च' राहिला.
वेल्लीला चिप बदलावी लागेल. तो काही बोलला नाही,
खुर्चीवरची केबल उचलून
नीट, सारख्या मापाने गुंडाळत राहिला.

पाच वाजून दहा मिनिटांनी राउनीने
मांड्यांवर हात आपटले. नो नीन.
मी शेवटची ओळ लिहिली:
राउनी केम्पायनेन १७.१० ला निघाल्या.
थर्मास तिच्या हातात होता,
आणि ती दाहीला विचारत होती, साखर?