टोपी

गोनिओमीटर खिशात ठेव, तय्यबा.
कोन नंतर मोजू.
आधी बाकावर बस त्यांच्याशेजारी, विचार
पोतं कुठल्या खांद्यावर घेता.

हळदीच्या यार्डातले दादू ऐवळे.
नखांत अजून पिवळं आहे.
हात खांद्याएवढा येतो, पुढे अडतो.
तू लिहिलंस : नव्वद अंश.
ते म्हणाले : टोपी घालता येत नाही.
दोन्ही खरं.
पण घरी जाऊन व्यायाम करतील
ते टोपीसाठी.

गेल्या महिन्यात आयसीयूत होतीस.
उपडी ओंजळ पाठीवर थापायचीस
कफ सुटेपर्यंत,
डोळे मॉनिटरवर.
तेच हात आता इथे.
पुढे तालमीत पाठवीन. तिथला पैलवान
दुखरा गुडघा लपवून
चांगला दाखवील.

आणि मग कवलापूरची अंगणवाडी.
अडीच वर्षांची ओवी, मान धरत नाही.
तिची आई एकच विचारेल : चालेल ना?
बावीस वर्षं झाली,
मला अजून नीट उत्तर देता येत नाही.
खोटं बोलू नकोस.
लगेच उठूनही जाऊ नकोस.

मिरजेच्या दुकानात तुझे अब्बा
खुंटी पिळण्याआधी
तार ऐकतात, पाहिलंयस ना?
परीक्षेत हे विचारणार नाहीत.

बरं, ती टोपी घे दादूंची.
हातात देऊ नकोस.
जरा उंच धर.
अजून जरा.