उद्याचा वारा

आचाओच्या धक्क्यामागे माझं दुकान.
काचा बदलते, बॅटऱ्या बदलते,
समुद्र प्यालेले फोन तांदळात पुरू नका
हे रोज नव्याने सांगते.

एलेउतेरिओ बार्रिया आला तो मंगळवारी.
फोन प्लास्टिकच्या पिशवीत,
पिशवी लोकरी टोपीत.
"बेटाचं टोक ओलांडलं की रेंज जाते," म्हणाला,
"आणि रेंज गेली की वाराही जातो."
म्हणजे वाऱ्याचा नकाशा.
निळे बाण, पिवळे बाण,
जांभळे दिसले तर घरी बसायचं.
"कागदावर उतरवून घेतो. कागद भिजतो."

सोपं आहे, म्हटलं. पॉवरचं बटण
आणि आवाज कमी करायचं, दोन्ही एकदम.
त्याने उजवा हात काउंटरवर ठेवला.
अंगठा आणि तर्जनी
जाळ्याच्या रहाटाने कधीच मागून घेतली होती.
डाव्याला ही चिमूट जमेना:
एकदा स्क्रीन झोपली,
एकदा आवाज गेला,
आणि एकदा खरंच फोटो निघाला,
तो माझ्या दुकानाच्या वायफायच्या पासवर्डचा.

मग तळहाताची कड, काचेवरून आडवी, 
भाकरीवरचं पीठ झटकावं तशी.
पण त्याचा तळहात दोरांनी घासून घासून
लाकडाचा झालेला. काचेला तो माणसाचा वाटेना.
बोटाच्या पेराने दोनदा टकटक.
"या घरात कोणी राहत नाही," तो म्हणाला.
तोंडाने सांगून पाहिलं.
त्याचं बेटावरचं स्पॅनिश ऐकून फोनने
कास्त्रोतल्या एका खाटकाचा पत्ता दिला.
टॅबलेट असता तर कोपऱ्यातून
लेखणी तिरकी ओढता आली असती.
टॅबलेट मेहुणीकडे आहे.
मेहुणीशी बोलणं बंद आहे.

सेटिंगच्या आत सेटिंग, त्याच्याही आत
एक बारीकशी ओळ सापडली:
तीन बोटं, वरून खाली.
मी वाचली आणि त्याच्याकडे पाहिलं नाही.
त्याने मधलं, अनामिका आणि करंगळी
काचेवर टेकवली, हळूच ओढली,
झोपलेल्याच्या अंगावर पांघरूण ओढावं तशी.
एक पांढरी उघडझाप.
आणि खालच्या कोपऱ्यात
उद्याचा वारा लहानसा होऊन बसला.
म्हातारा इतका हसला
की शेजारची ओतिलिया लोकरीचे मोजे विकायचे सोडून
बघायला आली.

ऑगस्टमध्ये परत आला. फोन भरलाय, म्हणाला.
उघडून पाहते तर दोनशे बारा वारे,
एकाखाली एक, तारीखवार.
पुसून टाका, म्हटलं,
कालच्या वाऱ्यावर कुणी शीड लावत नाही.
तो तीन बोटांनी सरकवत राहिला.
ह्या दिवशी गेलो नाही.
ह्या दिवशी गेलो, काही लागलं नाही.
ह्या दिवशी... 
आणि बोटं थांबली.

उत्तरेकडून जांभळे बाण.
पहाटेचे पाच चाळीस, बॅटरी एकतीस टक्के.
आणि नकाशाच्या डोक्यावर
नेमकी त्याच क्षणी उतरलेली एक पट्टी:
नोल्बेर्तो. *निघालो रे. येतोस?*

पट्टी तीन-चार सेकंद राहते, मग वर निघून जाते.
त्याला तेव्हा ती दिसली होती का
हे मी विचारलं नाही.
मेसेज नंतर त्या फोनबरोबर गेले,
हा दुसरा फोन, तिसरा की काय,
फोटो तेवढे कार्डावरून आलेले.
पट्टीखाली नकाशाचा एक तुकडा झाकला गेला होता.
तिथे वारा किती होता
आता कुणालाच सांगता येणार नाही.

दोनशे अकरा मी नव्या कार्डावर हलवले,
कार्डाचे पैसे घेतले, हलवण्याचे नाही.
तो एक फोनमध्येच राहू दिला,
उद्याच्या वाऱ्याशेजारी.

त्याने फोन पिशवीत घातला, पिशवी टोपीत,
आणि टोपी, बाहेर पाऊस असून,
डोक्यावर न घालता
तशीच छातीशी धरून गेला.