सोमवारची नोंद

शिरोलीच्या फाउंड्रीत भट्टीला पाठ लावून
काचेची एक खोली आहे, तीत एकच कॉम्प्युटर.
वितळल्या लोखंडात कार्बन किती, सिलिकॉन किती,
एवढंच तो सांगतो. आणि त्याच्या शब्दावर
सातशे किलो लाल रस साच्यात उतरतो.

दोनदा मी तो पुसून काढला.
डिस्क कोरी केली, विंडोज नव्यानं घातली,
चहा प्यायले, बिल लिहिलं,
पंचगंगेचा पूल ओलांडून राजारामपुरीत घरी आले.
दोन्हीदा तिसऱ्या दिवशी फोन:
"मॅडम, आकडे परत खुळ्यागत करायलेत."

पॅटर्न शॉपचे सिकंदर मुजावर दारात उभे होते,
सागवानी तुकड्याला पॉलिश पेपर मारत.
"साचा कितीबी फोडा वो," म्हणाले,
"रेती नवी घ्या, चाळून घ्या.
पॅटर्नच कुणी घासून ठेवला असंल
तर कास्टिंग वाकडंच निघणार की."

मी स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला.

मग डिस्कच्या आधीचं बघायला बसले.
बटण दाबल्यापासून पडद्यावर चिन्ह उमटेपर्यंत
एक काळा क्षण असतो.
त्यात यंत्र अजून कुणाचंच नसतं,
पहिली हाक कुणाला मारायची, तेवढंच त्याला ठाऊक.
त्या क्षणात शिरले.
सिक्युअर बूट: बंद.
मी चालू ठेवलं होतं. माझ्या वहीत आहे,
पान एकोणचाळीस, निळी शाई: चालू.
आणि बूटच्या यादीत सगळ्यात वर
नेहमीचंच नाव, फक्त शेवटी एक अक्षर जास्तीचं.
गणवेश तोच, बिल्ला उसना.

कपाळ पुसलं. भट्टीचा घाम, म्हणाले.

आधी नेटची वायर ओढली.
मग फोटो, प्रत्येक पानाचा, घड्याळासकट.
पुसायची घाई दोनदा करून झाली होती.
डिस्क काढून पिशवीत, पिशवीवर तारीख.
आठ पायांची चिप चिमट्यात धरून
तिच्या पोटातलं सगळं वाचून घेतलं,
जसंच्या तसं, घाणीसकट.
नवं फर्मवेअर दुसऱ्या, माझ्या मशीनवर उतरवलं.
कंपनीनं दिलेली चौसष्ट अक्षरं
लॅबमधली रेणुका हुक्केरी मोठ्यानं वाचत गेली,
मी पेन्सिलीनं टिंब देत गेले.
एकेचाळिसाव्याला तिला शिंक आली;
परत पहिल्यापासून.

जुन्या किल्ल्या काढल्या, नव्या बसवल्या,
पासवर्ड पाकिटात, पाकीट मालकांच्या तिजोरीत.
बाकीची नऊ मशीनं उघडून बघितली.
डिस्पॅचचं एक तसंच निघालं.

सेटिंग बदलल्याची वेळ यंत्रानं लिहून ठेवली होती:
सोमवार, दुपारी दोन बारा.
सोमवारी इथं सुट्टी. भट्टी थंड, कुत्री सावलीला.
गेटवरचं रजिस्टर मागवलं.
एक पन्नास. कॉम्प्युटर दुरुस्ती.
"वैजंता चौगले मॅडमचा माणूस." खाली सही.

माझ्या नावातला 'य' गळालेला, उकार गळालेला.
आणि माझा कुणी माणूस नाही.
बॅग, वही आणि मी, एवढाच धंदा आहे.

"तुमचंच नाव घेतलं वो," आण्णाप्पा वॉचमन म्हणाला,
"म्हणून इचारलं न्हाई."
बराच वेळ तो रजिस्टर मिटत होता.
मी त्याला काही बोलले नाही. काय बोलणार?
त्या यंत्रालासुद्धा मी काही बोलले नव्हते.

सायबर ठाण्यात प्रिंट दिल्या, पिशवी दिली.
चौकशी चालू आहे, म्हणतात.

काल पुन्हा गेले, गेटवर आण्णाप्पानं हात आडवा केला.
"कार्ड दावा, मॅडम."
दहा वर्षं मला ओळखतो. माझ्या स्कूटरचा आवाजही.
मागं ट्रेलर हॉर्न मारतोय,
मी भर उन्हात बॅग उचकते आहे,
आणि तो कार्डावरचा फोटो बघतो, मला बघतो,
परत फोटो.

बघ, बाबा.
सावकाश बघ.