चार मिलिमीटर

नोव्हेंबर. केउरूत साडेतीनलाच दिवस संपला.
गाडीखालचा मळका बर्फ वितळत वितळत
गटाराच्या जाळीपर्यंत पोचलाय.
आउलिस म्हणतो, डॅशबोर्डला हात लावायचा नाही.

मी नमुना कापून ठेवलाय बिस्किटांच्या पुठ्ठ्याचा,
त्यावर अजून अर्धं हरीण शिल्लक आहे.
खांबाला धरून खाली येणारी नळी,
पंचेचाळीस मिलिमीटरची, बिनजोडाची,
डॅशबोर्डच्या कोपऱ्यावर येऊन अडते.
चार मिलिमीटर.
आत वळवली तर तूलियाचा गुडघा फुटेल,
खांबापासून सोडवली तर तपासनीस गाडी दारातूनच परत धाडेल.
पत्र्याशी वाद घालता येतो. नियमाशी नाही.
आणि आउलिसशी तर मुळीच नाही.

एकोणचाळीस वर्षं सांभाळली त्यानं ही व्होल्वो.
सीटवरचं प्लॅस्टिक काढलं ते तिसऱ्या वर्षी,
बायकोनं कात्री हातात घेतली तेव्हा.
आता डोळ्यांना फक्त कडा दिसतात, मधलं सगळं धुकं,
परवाना गेला,
आणि लेक म्हणते, जंगलातल्या शर्यतीत पळवते.

तर उतरवलं एकेक.
तंबाखूनं पिवळं पडलेलं छताचं कापड.
दारांची अस्तरं, सोळा क्लिपा, तीन मोडल्या.
मागच्या सीटखाली एक निळा हातमोजा, लहान मुलाचा.
तूलियाला आठवेना कोणाचा. आउलिसलाही.
मी तो शेगड्याच्या दांड्यावर अडकवला.

आता पुढचं सांगणं आलं.
छताजवळचे सांधे वरून डागता येत नाहीत,
नळी आणि पत्रा यांच्यात बोटसुद्धा शिरत नाही.
म्हणून तळाला भोकं पाडायची,
अख्खा पिंजरा त्यातून वीतभर खाली सोडायचा,
माथ्याचे सांधे चहूकडून वेल्ड करायचे,
मग उचलून, पायांखाली पोलादी पाटे सारून
पुन्हा छताला भिडवायचा.

"तळालाही?" एवढंच म्हणाला
आणि स्टुलावर बसला.
तूलियानं कॉफी ओतली. कोणी प्यायलं नाही.
बाहेर बर्फ ढकलणारी गाडी एकदा गेली,
एकदा आली.

मग तो उठला. वाकला.
डॅशबोर्डच्या कोपऱ्याखाली बोटं फिरवली,
बैलाच्या दातांवरून वय बघावं तशी.
"इथं आत पट्टी आहे. सरळ कापलंस तर तडकेल.
तिरकं जायला हवं. आण इकडे."
करवतीचं नुसतं पातं, एका टोकाला चिंधी गुंडाळलेली.
तूलियानं दिवा धरला.
त्याची काही गरज नव्हती, तो डोळे मिटूनच कापत होता.
काळा भुसा बाहीवर, मिशीवर.
अंगठ्याएवढा तुकडा निघाला.
त्यानं खिशात टाकला, कुणाकडे न बघता.

नळी बसली. नखभर फट उरली, ती फोमनं भरू.

मला बसून बघायचंय, म्हणाला.
दारात आडव्या आलेल्या नळीवरून
पाय काही उचलेना.
आधी बूड, मग डोकं, मग पाय, मी सांगितलं,
आणि तूलियानं त्याचे बूट आत घेतले
एकेक करून.
हात सवयीनं वरच्या कडीकडे गेला.
कडी नव्हती. नळी होती.
"गार आहे," म्हणाला.

बराच वेळ तसाच.
मी वेल्डिंगचा चष्मा पुसत राहिलो, स्वच्छ असूनही.

"तो हातमोजा दे रे."
दिला.
त्यानं तो उलटा केला
आणि डॅशबोर्डवरचा भुसा पुसायला लागला.